दोन्ही टोकं सोललेली वायर

जयराम पगारेने घरच्या घरी लाकूड कोरायचं मशीन बांधायला घेतलं, तेव्हा कॉलनीत कुणी त्याला वेड्यात काढलं नाही. उलट सगळ्यांना बरंच वाटलं. रिटायर झालेला माणूस चौकातल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत नाही, हे उपकार काय थोडे झाले? सातपूरच्या एका कारखान्यात त्याने तीस वर्षं मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती, त्यामुळे हात रिकामे ठेवणं त्याला जमतच नव्हतं. नाशिकरोडच्या त्याच्या घरापुढे पत्र्याची शेड होती, तिथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत. त्या शेडमध्ये आठ महिने त्याची खुडबुड चालली होती.

ॲल्युमिनियमचे बार, भंगारातून आणलेले रूळ, मशीन इकडेतिकडे आणि वरखाली सरकवणाऱ्या मोटारी, लाकूड कापणारी एक मोठी घरघरती मोटार, आणि हे सगळं हाकणारा एक म्हातारा लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये नक्षी टाकायची, की मशीन ती लाकडात कोरून देणार. जाणकार लोक त्याला सीएनसी राउटर म्हणतात. जयरामची बायको छाया त्याला ‘ह्यांचं दुसरं लग्न’ म्हणायची.

मशीन जयरामच्या शेडमध्ये होतं, पण ते होतं लहानू साळवेसाठी. हे जयरामने सगळ्या कॉलनीला सांगितलं होतं. का, ते मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं.

लहानू दोन घरं सोडून राहायचा. मूळचा निफाडकडचा. दोघे एकाच कारखान्यात होते, जयराम मेंटेनन्सला आणि लहानू पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या एका प्रेसखाली लहानूच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली. कंपनीने त्याला गेटवर बसवलं, पुढे गेटवर कंत्राटी माणसं आली आणि लहानू घरी बसला. जयरामचा हिशोब सरळ होता. ज्याला पाना धरता येत नाही, त्याला कीबोर्डचं बटण तर दाबता येतं. मशीन कापेल, लहानू कापून घेईल. नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, कपाटांची दारं. पहिलं काम तर आलंही होतं. कॉलनीतल्या विहाराच्या दारावर बसवायची सागवानी जाळी, मधोमध धम्मचक्र, बुद्धपौर्णिमेच्या आधी पाहिजे. लहानूने विहार कमिटीला शब्द देऊन टाकला होता आणि तेव्हापासून तो रोज सकाळी डबा घेऊन शेडमध्ये ड्युटीवर आल्यासारखा हजर व्हायचा.

त्या अपघाताची गोष्ट कॉलनीत सगळ्यांना पाठ होती, कारण लहानू ती स्वतःच सांगायचा. प्रेसमध्ये तुकडा अडकला, याने जाळीचं दार उघडून हात घातला आणि त्याच वेळी याचा पाय खालच्या पेडलवर पडला. “पाय माझाच पडला,” लहानू म्हणायचा. “दुसऱ्याला कशाला बोल लावू?” कंपनीच्या कागदावरही तेच लिहिलं होतं, कामगाराचा निष्काळजीपणा. आणि त्याची बायको सुलाबाई, तोंडाची फटकळ पण मनाची वाईट नाही, ती अकरा वर्षं उठता-बसता नवऱ्याला एकच वाक्य ऐकवायची. त्याच्या हातून कप सुटला, उंबऱ्याला ठेच लागली, बाजारातून कोथिंबीर शिळी आली, काहीही झालं तरी, “बघून पाय टाका!” हे वाक्य इतकं रुळलं होतं की ऐकणारे हसायचे. लहानू हसायचा, त्याचा मुलगा संघर्ष हसायचा, आणि त्यांच्या घरी जेवायला बसलेला जयराम, तोही हसायचा.

खरं काय होतं ते एकट्या जयरामला ठाऊक होतं.

त्या प्रेसच्या जाळीच्या दाराला एक स्विच होता. दार उघडलं की प्रेस बंद, मग पेडलवर पाय पडो नाहीतर हत्ती पडो. तो स्विच आदल्या दिवशी धक्क्यांनी सैल झाला होता. दार लावलेलं असलं तरी प्रेस मध्येच थांबायचा. माल त्याच दिवशी जायचा होता, सुपरवायझर डोक्यावर उभा होता. स्टोअरमध्ये नवा स्विच नव्हता. तेव्हा जयरामने वीतभर वायर घेतली, तिची दोन्ही टोकं सोलली आणि स्विचच्या दोन स्क्रूंमध्ये आवळून टाकली. आता दार उघडं असो की बंद, प्रेसला ते बंदच वाटणार होतं. सगळेच मेंटेनन्सवाले असं करायचे. अशा मशीनवर लाल पाटी टांगायचा नियम होता, पण पाटीवर सुपरवायझरची सही लागते आणि सुपरवायझर सही करत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. जयरामने प्रेसवरच्या नेहमीच्या माणसाला तोंडी सांगितलं, “दार उघडून हात घालू नको, उद्या स्विच बदलतो.” उद्या! या एका शब्दावर आपल्याकडे कारखानेच्या कारखाने चालतात. दुसऱ्या दिवशी तो नेहमीचा माणूस रजेवर गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्या प्रेसवरून आणून लहानूला उभं केलं. लहानूला कुणी काही सांगितलं नाही.

आणि हे एवढंच असतं तर जयरामने कदाचित कधीतरी बोलून टाकलं असतं. पण लहानूला टेम्पोत घालून दवाखान्यात नेत होते, सगळे गेटकडे धावले होते, तेव्हा जयराम उलट्या दिशेने प्रेसकडे गेला. स्क्रू सैल करून त्याने ती वायर काढली आणि खिशात घातली. त्याचे हात तेव्हा अजिबात थरथरले नव्हते. ही गोष्ट त्याला पुढे सगळ्यात जास्त खात राहिली.

वायर त्याने फेकली नाही. टूलबॉक्सच्या तळाशी, जुन्या फ्यूजखाली ती पडून होती. का ठेवली होती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

एप्रिल संपत आला होता. मशीन उभं राहिलं, चाललं, पण शेवटचं काम राहिलं होतं ते काठाच्या स्विचचं. असं मशीन सुरू केलं की आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळत नाही. म्हणून त्याला आधी एका कोपऱ्यात पाठवायचं. तिथला स्विच लागला की मशीनला कळतं, हा आपला शून्य, इथून मोजायचं. आणि दुसऱ्या टोकांनाही स्विच लावायचे, म्हणजे चुकून जास्त पुढे गेलं तर ते तिथेच थांबेल, काठावर जाऊन आदळणार नाही. जयरामने सगळे स्विच बसवले, तारा ओढल्या. कोपऱ्यात जाणं, स्विचला टेकणं, थोडं मागे येऊन हळूच पुन्हा टेकणं, सगळं छान जमलं. मग कापायची मोटार सुरू केली आणि तोंडचं पाणी पळालं. स्विचला कुणी हात लावलेला नसताना मशीन मध्येच ‘काठ लागला’ म्हणून थांबू लागलं.

“मेलं परत,” लहानू म्हणाला. सकाळपासूनची ही सातवी वेळ होती. सागाची दुसरी फळी अर्धवट चक्र कोरून वाया गेली होती. पत्रा तापला होता, दोघांच्या बनियनला भुसा चिकटला होता.

“मोटारीची वायर आणि स्विचची वायर एकत्र बांधलीये मी,” जयराम घाम पुसत म्हणाला. “मोटारीचा करंट स्विचच्या वायरीत गडबड करतोय. सगळं सोडून वेगळं ओढावं लागेल. दोन-तीन दिवस जातील.”

“दोन-तीन दिवस? पौर्णिमा तोंडावर आली, जयराम. कमिटीवाले लय कटकट करून राहिले.” लहानू कंटाळून उठला. “त्यापेक्षा वायर टाक ना मधी. कारखान्यात टाकायचास तशी. जाळी होऊ दे, मग कर तुझं सावकाश.”

जयरामच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. तो काही बोलेपर्यंत लहानूने डाव्या हाताने टूलबॉक्स उपसायला सुरुवातही केली होती. पक्कड, टेप, फ्यूज खडखडले. मग तो हसत वळला. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठा-करंगळीच्या चिमटीत वीतभर लाल वायर होती.

“ही बघ, दोन्ही टोकं सोललेली! तू म्हंजी लय तयारीचा गडी. घे.”

अकरा वर्षांनी ती वायर उजेडात आली होती आणि आली होती त्याच हातात.

“ती नको.”

“का? तुटलीये का?”

“नको म्हणतो ना! ठेव खाली!”

आवाज एवढा चढला की आतून छाया दारात येऊन बघून गेली. लहानूचं तोंड उतरलं. आठ महिन्यांत जयराम त्याच्यावर कधी ओरडला नव्हता. जयरामलाही ते कळलं, आणि चूक सावरायला माणूस जे करतो तेच त्याने केलं, समजावून सांगायला बसला.

“अरे, स्विच बंद करून मशीन चालवायचं नसतं. उद्या काठाला लाकूड अडकलं आणि तू हात घातलास तर?”

“मी कशाला घालीन? एकदा घातला तेवढा बास झाला की.”

“माणूस घालतो, लहानू. अडकलं की हात जातोच, ते काय ठरवून होतं? म्हणून तर स्विच लागतो. हे बघ, या स्विचमधून करंट सतत वाहत असतो. स्विच दाबला की करंट तुटला, मशीन थांबलं. वायर उंदराने खाल्ली तरी करंट तुटला, तरी मशीन थांबलं. काहीही बिघडलं तरी ते थांबण्याच्या बाजूनेच बिघडणार, अशी वायरिंग करायची असते.” जयरामला आपल्या विषयावर बोलताना जरा धीर आला होता, आणि तिथेच त्याचा घात झाला. “सगळीकडे हेच असतं. लिफ्टचं दार उघडं असलं तर लिफ्ट हलते का? मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही तर मिक्सर फिरतो का? दार उघडं म्हणजे मशीन बंद. प्रेसच्या दाराला पण…”

तो थांबला, पण आता उशीर झाला होता.

“प्रेसच्या दाराला पण काय?” लहानूने विचारलं.

शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

“माझ्या प्रेसला होता का असा स्विच?”

“होता.”

लहानू स्टुलावर बसला. तो हुशार माणूस नव्हता असं नाही, त्याला फक्त कुणी कधी सांगितलं नव्हतं. आता तो एकेक गोष्ट बाजूला ठेवल्यासारखा सावकाश बोलू लागला. “दार तर उघडं होतं. मीच उघडलं होतं. दार उघडं म्हंजी प्रेस बंद. मग पाय पडला तरी…” तो आपल्या पायाकडे बघत राहिला. “पाय पडला तरी काय व्हायला नको होतं.”

“नाही,” जयराम म्हणाला. “काहीच व्हायला नको होतं.”

मग लहानूने मान वर केली. आधी जयरामकडे पाहिलं, मग अजून आपल्या चिमटीत असलेल्या वायरीकडे.

“कुणी टाकली व्हती?”

खोटं बोलायला त्याच्याकडे अजूनही जागा होती. सुपरवायझर होता, आधीची पाळी होती, मरून गेलेला एक फोरमनही होता. पण त्या हाताकडे बघत खोटं बोलण्याची ताकद जयरामकडे उरली नव्हती.

“मी,” तो म्हणाला. आणि मग थांबलाच नाही. सैल स्विच, उद्या बदलतो म्हणणं, न टांगलेली पाटी, आणि सगळे गेटकडे धावत असताना आपण प्रेसकडे जाऊन वायर काढून घेणं, सगळं सांगितलं. “मी ती काढली नसती ना, लहानू, तर चौकशीत दिसलं असतं. तुझ्या नावावर ते आलंच नसतं.”

लहानूने शिवी दिली असती, अंगावर धावून आला असता, तर जयरामला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. लहानूने वायर मशीनच्या टेबलावर ठेवली.

“अकरा वर्सं,” तो म्हणाला, “मी माझ्या पायाला शिव्या देऊन राहिलो.”

एवढं बोलून तो उठला आणि डबा न उचलताच घरी निघाला. शेडच्या पायरीशी तो थांबला, खाली पाहिलं आणि नेहमीसारखा एकेक पाय जपून टाकत उतरला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. जयरामने छायाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सुलाताईंना कोण सांगणार?”

“तो सांगेल.”

“त्यांनी का सांगायचं? केलं तुम्ही, सांगायचं पण त्यांनीच का?”

लहानूच्या दारापर्यंत जयराम दोनदा गेला आणि दोनदा दूध आणायला निघाल्यासारखा पुढे निघून गेला. माणूस घाबरला की हाताला काम शोधतो. जयरामने मशीनच्या सगळ्या तारा सोडल्या, मोटारीची वायर एका बाजूने नेली, स्विचची दुसऱ्या बाजूने, वर जाळीचं वेष्टण असलेली नवी वायर आणून ते वेष्टण अर्थिंगला जोडलं. मोटार पूर्ण वेगात सोडली. मशीन एकदाही उगाच थांबलं नाही. कारखान्यातला तो स्विच बदलायलाही एवढाच वेळ लागला असता, किंबहुना यापेक्षा कमीच.

चौथ्या दिवशी दुपारी लहानू आला. मागे सुलाबाई होती, पदराने वारा घेत.

“काय ओ जयरामभाऊ, एवढ्या उन्हात मला कशाला बोलावलं? हे काय सांगंनात. तीन दिस झाले, जेवंनात का बोलंनात.”

म्हणजे त्याने तिला सांगितलं नव्हतं. जयरामने लहानूकडे पाहिलं. लहानू मशीनकडे बोट दाखवून म्हणाला, “चालू कर. हिला आधी स्विच दाखव. मग मला सांगितलं तसं सगळं सांग.”

जयरामने मशीन सुरू केलं. ते सरकत कोपऱ्यात गेलं, स्विचला टेकलं, मागे आलं, पुन्हा हळूच टेकलं. मग त्याने ते टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सोडलं. लहानू पुढे झाला आणि त्याने उजव्या हाताची करंगळी वाकवून लांबच्या काठाचा स्विच दाबला. मशीन जागच्या जागी उभं राहिलं.

“पुन्हा.”

जयरामने पुन्हा सोडलं. लहानूने पुन्हा दाबला. मशीन थांबलं. तिसऱ्या वेळी तो सुलाबाईला म्हणाला, “तू दाब.” तिने बिचकत बोट टेकवलं. टक्. मशीन थांबलं. ती हसली, “अगं बाई!”

मग जयराम बोलला. तिच्या तोंडाकडे बघून बोलायचं त्याने ठरवलं होतं, पण अर्धं बोलणं मशीनकडे बघूनच झालं. सुलाबाईचं हसू केव्हा गेलं ते त्याला दिसलं नाही. तो थांबला तेव्हा तिचं बोट अजून त्या स्विचवरच होतं.

“एवढ्याशा बटनानं थांबलं असतं?” तिने विचारलं.

“हो.”

ती फटकळ बाई. आता कॉलनी गोळा होईल, अशी जयरामची खात्री होती, आणि ते आपल्याला मिळायलाच हवं असंही त्याला वाटत होतं. पण सुलाबाईचा आवाज चढला नाही.

“तुम्ही आमच्यात जेवायला बसायचा, भाऊ. मी ह्यांना बोलायचे. लेकरासमोर बोलायचे. अन् तुम्ही हसायचा.”

जयरामच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आपलं रडणं इथे कुणाच्या उपयोगाचं नाही हेही त्याला कळत होतं, म्हणून त्याने मान खाली घातली. ‘चुकलं’ हा शब्द त्याच्या तोंडात आला, आणि इतका लहान वाटला की तो त्याने बाहेर काढला नाही.

लहानूने टेबलावरची लाल वायर उचलली, तिची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

“संघर्ष पौर्णिमेला पुण्याहून येईल,” तो म्हणाला. “त्याला पण तूच सांगायचं. फोनवर नाय. समोर बसून.”

“सांगतो.”

“फळी लावून ठेव. जाळी मी कापणार, कमिटीला शब्द दिलाय. उद्या सकाळी येतो.” तो जरा थांबला. “जाळीसाठी येतोय. तुझं-माझं काय, ते मला आज ठरवता येत नाय.”

जयरामने मान हलवली. यापेक्षा जास्त मागायची त्याची लायकी नव्हती, आणि एवढंही मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

लहानू निघाला. भुसा भरलेला पत्र्याचा डबा पायरीजवळ ठेवला होता. लहानूचं लक्ष नव्हतं, त्याचा पाय डब्याला लागला, डबा खडखडत पायऱ्यांवरून खाली गेला आणि सगळा भुसा अंगणभर झाला.

“बघून पा…” सुलाबाईच्या तोंडून निघून गेलं.

आणि ती तिथेच थांबली. तिने पदर तोंडाशी नेला. लहानू पायरीवर उभा होता, वळला नव्हता, नेहमीसारखा हसलाही नव्हता. सुलाबाई खाली उतरली, त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि तिने त्याचा तो हात धरला, उरलेल्या दोन बोटांनिशी. दोघं भुशातून चालत घराकडे गेली.

जयरामने झाडू घेतला आणि अंगण झाडायला लागला.